राष्ट्रहित कोणाचे?

ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर प्रथम पंचवीस टक्के, आणि आपण रशियाचे तेल विकत घेतो या सबबीवर आणखी पंचवीस टक्के जकात बसवली, तेव्हा सुशिक्षितांच्या बैठकींतून, आगगाडीच्या डब्यांतून आणि संपादकांकडे येणाऱ्या पत्रांतून एकच शब्द वारंवार ऐकू येत होता : विश्वासघात. त्याआधी पाच वर्षे, फेब्रुवारी २०२० मध्ये, त्याच अमेरिकेच्या त्याच अध्यक्षांचे अहमदाबादच्या विस्तीर्ण क्रीडांगणात स्वागत झाले, त्या वेळी सर्वांच्या तोंडी असलेला शब्द 'मैत्री' हा होता. हे दोन्ही शब्द घरगुती व्यवहारातले आहेत. शेजाऱ्याशी मैत्री होते, भाऊबंद विश्वासघात करतात. राष्ट्राराष्ट्रांतील संबंध आपण या मापांनी मोजू लागलो की प्रत्येक स्वागतसमारंभाने हुरळून जातो आणि प्रत्येक जकातीने दुखावले जातो. या दोहोंच्या मध्ये विचार करावयास सवड म्हणून उरत नाही.

ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री लॉर्ड पामर्स्टन यांनी १८४८ साली पार्लमेंटात सांगून टाकले होते की, इंग्लंडला कायमचा मित्र नाही आणि कायमचा शत्रूही नाही. कायमचे आहे ते हित. हे वचन हल्ली व्यासपीठावरील प्रत्येक वक्त्यास ठाऊक असते. परंतु ते सांगणारे बहुधा असे गृहीत धरतात की, हित हे डोंगरासारखे समोर उभेच असते, डोळे उघडे ठेवले की झाले. आम्हांस तसे वाटत नाही. हित ठरवावे लागते. ते कोणीतरी, कोणाच्यातरी पदरच्या खर्चाने ठरवतो, आणि पुष्कळदा चुकीचेही ठरवतो.

जवाहरलाल नेहरूंना स्वप्नाळू म्हणण्याची आता रीतच पडली आहे. पण ४ डिसेंबर १९४७ रोजी घटना समितीत बोलताना त्यांनी स्वच्छ सांगितले होते की, परराष्ट्रकारभाराची कला म्हणजे आपल्या देशाला सर्वांत लाभदायक काय, ते शोधून काढणे. ज्या पंचशीलावरून त्यांची थट्टा होते (आणि ज्याची पाच तत्त्वे आम्हीही एके काळी वर्गात मुलांकडून घोकून घेतली आहेत), ते पंचशील २९ एप्रिल १९५४ च्या ज्या करारात अवतरले तो करार मुळात तिबेटशी चालणाऱ्या व्यापाराचा आणि यात्रेकरूंच्या जाण्यायेण्याचा होता, आणि त्याची मुदत अवघी आठ वर्षांची होती. ती जून १९६२ मध्ये संपली. प्रस्तावना साऱ्या देशाला पाठ झाली. मुदतीचे कलम वाचण्याची तसदी फारशा कोणी घेतली नाही.

हित आणि तत्त्व यांची गाठ कशी पडते हे पाहावयाचे तर १९५६ च्या अखेरीकडे वळले पाहिजे. जुलैमध्ये नासरने सुवेझ कालवा राष्ट्राच्या मालकीचा केला. २९ ऑक्टोबरला इस्रायलने, आणि पाठोपाठ ब्रिटन व फ्रान्स यांनी इजिप्तवर चाल केली. पंतप्रधान ईडन यांच्या दृष्टीने तो कालवा म्हणजे इंग्लंडच्या तेलाची नाडी होती. त्यांच्या मते राष्ट्रहित इतके उघड क्वचितच असते. परंतु हिशेब चुकला. अमेरिकेने आपल्याच दोस्तांविरुद्ध संयुक्त राष्ट्रांत मत दिले. पौंडाला ओहोटी लागली, आणि इजिप्तमधून पाय काढल्याखेरीज नाणेनिधीतून आधार मिळणार नाही, अशी वॉशिंग्टनने अडवणूक केली. मॉस्कोच्या धमक्यांहून या अडवणुकीचाच धाक लंडनला अधिक बसला. जानेवारी १९५७ मध्ये ईडन पायउतार झाले. शतकभर ज्या राष्ट्राने इतरांस हितसंबंधांचे धडे दिले, त्याला स्वतःचे हित कोणत्या पेढीत गहाण पडले आहे हेच कळले नव्हते.

याच दिवसांत, ४ नोव्हेंबरला, रशियाचे रणगाडे बुडापेस्टमध्ये शिरले. सुवेझच्या वेळी तत्काळ निषेध करणाऱ्या भारताची जीभ हंगेरीच्या बाबतीत मात्र अडखळली. ९ नोव्हेंबरला, हंगेरीत संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणुका घ्याव्यात असे म्हणणारा ठराव आमसभेपुढे आला, तेव्हा भारताने रशियाच्या गटाबरोबर विरोधी मत दिले. जयप्रकाश नारायणांसारख्यांनी त्यावर कठोर टीका केली. तो उठाव राष्ट्रीय होता हे पुढे नेहरूंनी मान्य केले. पण मत नोंदले गेले होते. ते तसे का पडले? रशियाची मर्जी राखणे हे एक कारण. आदल्याच वर्षी डिसेंबरात क्रुश्चेव्ह यांनी श्रीनगरला जाऊन काश्मीर भारताचे असल्याची ग्वाही दिली होती. दुसरे कारण अधिक खोल होते. संयुक्त राष्ट्रांच्या देखरेखीखालील मतदानाचा पायंडा हंगेरीत पडला असता तर उद्या तोच काश्मीरच्या दाराशी येऊन उभा राहिला असता. त्या मताचे समर्थन आम्ही करणार नाही, पण ते आम्हांस अनाकलनीयही वाटत नाही. आमची तक्रार आहे ती त्यासोबतच्या भाषणांविषयी. सार्वभौमत्व आणि वाईट पायंडे यांवर पुष्कळ बोलले गेले. तो पायंडा आपल्याला कोठे जाचेल, हे सामान्य माणसाने स्वतःच ओळखून घ्यावयाचे होते.

महाराष्ट्राला या विषयाचा सर्वांत जवळचा अनुभव गोव्याने दिला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या. चार महिने होतात न होतात तोच, २ डिसेंबरला, अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या परराष्ट्रमंत्र्यांबरोबर काढलेल्या संयुक्त पत्रकात पूर्वेकडील 'पोर्तुगीज प्रांतां'चा उल्लेख आला, आणि मुंबई-पुण्यातील माणसे संतप्त झाली. स्वतः वसाहतीच्या जोखडातून सुटलेले राष्ट्र सालाझारची तळी कशी उचलते, हा प्रश्न बरोबर होता. उत्तर अटलांटिक महासागरात होते. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य होता, आणि त्याच्या अझोर्स बेटांवर अमेरिकेचा हवाई तळ होता. त्या तळाची मुदत १९६२ अखेर संपावयाची होती. १८ डिसेंबर १९६१ रोजी, भारतीय सैन्य गोव्यात शिरलेले असताना, युद्धबंदी व माघार यांची मागणी करणारा ठराव सुरक्षा समितीत आला. सात मते बाजूने पडली. विरुद्ध चार : रशिया, सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. रशियाच्या नकाराधिकाराने ठराव बारगळला. गोवा मुक्त झाला, आणि रशियाविषयी आपल्या मनात जी कृतज्ञता रुजली ती पुढे दोन पिढ्या टिकली.

ती कृतज्ञता अनाठायी होती असे आम्ही म्हणत नाही. पण अवघ्या दहा महिन्यांनी काय घडले, हेही आठवावे. ऑक्टोबर १९६२ मध्ये क्यूबाच्या पेचप्रसंगाने रशिया आणि अमेरिका अणुयुद्धाच्या काठावर उभ्या होत्या आणि रशियाला चीनच्या पाठिंब्याची निकड होती. त्याच वेळी चिनी सैन्य आपल्या सीमेत घुसले. २५ ऑक्टोबरला 'प्रावदा'ने भारताला उपदेश केला तो चीनचे प्रस्ताव स्वीकारण्याचा. गोव्याच्या वेळी नकाराधिकार वापरणारा रशिया आणि हा उपदेश करणारा रशिया एकच होता. त्या आठवड्यात त्याची गरज निराळी होती, इतकेच. आणि शस्त्रे देण्यास पुढे सरसावली ती अमेरिका, जिला आपण आदल्या डिसेंबरात शिव्या घातल्या होत्या.

गरज हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. १९६५ आणि १९६६ ही लागोपाठ दोन वर्षे पावसाने दगा दिला. १९६६ साली आपल्याला सुमारे एक कोटी टन धान्य बाहेरून आणावे लागले, आणि त्यातला मोठा भाग अमेरिकेच्या पी. एल. ४८० कायद्याखाली येणारा गहू होता. सोमवारी रात्रीची चूल बंद ठेवण्याचे शास्त्रीजींचे आवाहन ज्या घरांनी पाळले, त्या घरांतील वडीलधाऱ्यांना हे दिवस आठवत असतील. अध्यक्ष जॉन्सन यांनी धान्याची दोरी मुद्दाम आखूड धरली होती. जहाजांना परवानगी ते थोड्याथोड्या मुदतीपुरती आणि स्वतः पाहून देत. शेतीचे धोरण बदला, ही एक अट. व्हिएतनामबाबत जीभ आवरा, ही दुसरी, न लिहिलेली. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि डॉलर पावणेपाचावरून साडेसात रुपयांवर गेला. पुढल्याच महिन्यात इंदिरा गांधींनी मॉस्कोत व्हिएतनामविषयी संयुक्त पत्रकावर सही केली, तेव्हा वॉशिंग्टनचा रोष धान्याच्या जहाजांवर निघाला. बंदरात जहाज येईल तेव्हा रेशनच्या दुकानात गहू येईल, अशी ज्या देशाची अवस्था असते त्याच्या परराष्ट्रमंत्र्याला संयुक्त राष्ट्रांत हवे ते बोलता येत नाही.

म्हणून त्या वर्षांतील आपल्या परराष्ट्रनीतीचे खरे काम, आमच्या मते, दिल्लीच्या साउथ ब्लॉकमध्ये झालेच नाही. अन्नमंत्री सी. सुब्रह्मण्यम यांनी १९६६ साली मेक्सिकोतून अठरा हजार टन गव्हाचे बियाणे आणवले, आणि ते पंजाबच्या व हरियाणाच्या शेतकऱ्यांनी पेरले. १९६६-६७ मध्ये एक कोटी चौदा लाख टनांच्या आसपास असलेले गव्हाचे पीक पुढच्याच हंगामात एक कोटी पासष्ट लाख टनांवर गेले. डिसेंबर १९७१ मध्ये अमेरिकेचे आरमार बंगालच्या उपसागरात आले तेव्हा इंदिराबाई डगमगल्या नाहीत, याचे श्रेय ९ ऑगस्टच्या भारत-सोव्हिएत कराराला दिले जाते, आणि ते योग्यच आहे. थोडे श्रेय लुधियानाच्या शेतांनाही द्यावे. एकाहत्तर सालाबद्दल आणखी एकच गोष्ट सांगून पुढे जातो. डाक्क्यातील अमेरिकेचे कौन्सल जनरल आर्चर ब्लड यांनी तेथील कत्तलीविषयी आपल्या सरकारचा निषेध करणारी तार एप्रिलमध्येच धाडली होती. परंतु निक्सन यांना पेकिंगला जावयाचे होते आणि त्याची वाट पाकिस्तानातून जात होती. ब्लड यांना तेथून हलवण्यात आले.

स्वकीयांच्या हाती राष्ट्रहिताचा हिशेब चुकतो तेव्हा काय होते, हे कळावयास मराठी माणसाला परदेशी जावयाचे कारण नाही. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात इशारा दिला गेला होता की, टोपीकर हे इतर सावकारांसारखे नव्हेत, प्रत्येकामागे राजा आहे. त्यांना जागा द्यावयाचीच तर समुद्रकाठी, खाडीच्या मुखाशी देऊ नये. आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये पेशव्यांनी काय केले? तुळाजी आंग्ऱ्यांशी असलेल्या वैरापायी इंग्रजांचे साह्य घेऊन विजयदुर्गाचे आरमार जाळू दिले. पुण्याच्या दरबाराला ते राज्याचे हित वाटले होते. ते दरबारातील एका पक्षाचे हित होते. एकसष्ट वर्षांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण लागले.

तेव्हा तेलाच्या प्रश्नाकडे याच नजरेने पाहावे. युक्रेनचे युद्ध सुरू होण्यापूर्वी आपल्या आयात तेलात रशियाचा वाटा दोन टक्क्यांच्या आतबाहेर होता. २०२३ मध्ये तो एकतृतीयांशाच्या वर गेला. संयुक्त राष्ट्रांत भारत तटस्थ राहिला. गरीब देशाला स्वस्त तेल लागते, ते कोठून घ्यावे हे युरोपने शिकवू नये, हे सरकारचे म्हणणे आम्हांस मान्य आहे. आपल्या गरजेच्या कच्च्या तेलापैकी पंच्याऐंशी टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून येते. अशा देशाने धमकीला भिऊन बाजार बदलला तर पुढची धमकी लांब नसते. परंतु ज्या जनतेच्या नावाने हे तेल घेतले गेले तिच्या हाती काय पडले? एप्रिल २०२२ पासून मार्च २०२४ पर्यंत तेल कंपन्यांनी पेट्रोल-डिझेलच्या मूळ भावाला हात लावला नाही. मधल्या काळात काही उतार मिळाला तो करकपातीचा, आणि शेवटी कपात झाली ती लिटरमागे दोन रुपयांची. बचतीचा काही भाग सरकारी कंपन्यांचा आधीचा तोटा भरून काढण्यात गेला, हे खरे. काही भाग खासगी शुद्धीकरण कारखान्यांकडे गेला, ज्यांनी त्याच तेलाचे डिझेल करून युरोपला विकले. आणि ऑगस्ट २०२५ ची जकात बसली ती कोणावर? सुरतेच्या हिरे घासणाऱ्यांवर, तिरुप्पूरच्या शिलाई कामगारांवर, आंध्रच्या कोळंबीवाल्यांवर, आणि आपल्या अंधेरीच्या सीप्झमध्ये दागिने घडवणाऱ्या कारागिरांवर. लाभ एकाच्या खात्यावर आणि किंमत दुसऱ्याच्या, असा हा व्यवहार झाला. तो करूच नये असे नाही. पण करावयाचा तर ज्याने किंमत मोजली त्याला तसे सांगून, आणि त्याची काही भरपाई करून करावा.

हे सांगण्याची जागा संसद आहे, आणि येथे आपली घटना मंत्रिमंडळावर फार विश्वास टाकते. अमेरिकेत तहाला सेनेटच्या दोनतृतीयांश मतांची संमती लागते. आपल्याकडे परराष्ट्रांशी करार करावयास संसदेचे मत घ्यावेच लागते असे नाही. यापुढे बहुधा असे सांगितले जाते की, परराष्ट्रव्यवहार नाजूक असतो, त्याची वाच्यता नको. १९६२ च्या लढाईच्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स-भगत अहवाल १९६३ साली तयार झाला. कोणत्याही पक्षाच्या सरकारने तो अधिकृतपणे प्रसिद्ध केला नाही. पण त्याच काळातील दुसरी उदाहरणेही आहेत. चीनशी झालेला पत्रव्यवहार नेहरूंनी सप्टेंबर १९५९ पासून श्वेतपत्रिकांतून छापला, तो स्वतःला अडचणीचा ठरत असतानाही. आणि नोव्हेंबर १९६२ मध्ये, शत्रू सीमेच्या आत असताना, ८ ते १४ तारखेपर्यंत लोकसभेने चर्चा केली. १६५ सदस्य बोलले, त्यांपैकी कित्येक सरकारवर तुटून पडले. तेल किती स्वस्त पडले, त्यातले कोणाच्या खात्यावर किती जमा झाले, आणि सीप्झमधील कारागिराच्या नुकसानीची भरपाई कोणत्या रकमेतून होणार, हे सभागृहापुढे मांडावयास तेवढे सात दिवसही लागणार नाहीत.