पंधरा अक्षरं, दोन शब्द

चित्रपटाचं छायाचित्रण करतो तो सिनेमॅटोग्राफर. फळांवर जगणाऱ्या मोठ्या वटवाघळांच्या गटातलं वटवाघूळ म्हणजे मेगाकिरॉप्टेरन. हे दोन इंग्रजी शब्द रोमन लिपीत एकाखाली एक लिहा. वरच्या शब्दातलं एक अक्षर खोडा, खालच्या शब्दात तेच शोधून खोडा. सी गेला, आय गेला, एन गेला. ई दोनदा, ए दोनदा, आर दोनदा. मग एम, टी, ओ, जी, पी, एच. पंधरा अक्षरं खोडून झाली की दोन्ही ओळी एकाच वेळी रिकाम्या होतात. वर काही उरत नाही, खालीही काही उरत नाही.

आता अर्थ पाहा. दोन्ही शब्दांची मुळं ग्रीक आहेत, पण घराणी अगदी वेगळी. किनेमा म्हणजे हालचाल आणि ग्राफीन म्हणजे लिहिणं, म्हणून सिनेमॅटोग्राफर म्हणजे हालचाल लिहून ठेवणारा. ल्युमिएर बंधूंच्या सिनेमॅटोग्राफ या यंत्राबरोबर ही शब्दावळ जगभर पसरली. मुंबईत ते यंत्र ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात पहिल्यांदा दाखवलं गेलं. दुसऱ्या शब्दात मेगा म्हणजे मोठा, खेईर म्हणजे हात आणि प्टेरॉन म्हणजे पंख. वटवाघळाचा पंख जवळून पाहिला की हे नाव किती नेमकं आहे ते कळतं. तो पंख म्हणजे चक्क हाताचा पंजा आहे. बोटांची हाडं काडीसारखी लांबलेली, त्यांच्यामध्ये पातळ कातडी ताणलेली, आणि अंगठा मात्र मोकळा, नखासकट, फांदीला धरून सरकायला. जनुकीय अभ्यासानंतर वटवाघळांची वर्गवारी आता नव्याने मांडली गेली आहे, त्यामुळे हे गटनाव मागे पडत चाललंय. पण शब्दकोशात ते आहे, आणि आपल्याला तेवढं पुरे.

तीच अक्षरं वेगळ्या क्रमाने लावून झालेल्या दुसऱ्या शब्दाला अ‍ॅनाग्राम म्हणतात. रोमन लिपीत हा खेळ इतका रंगतो, कारण तिथे स्वर आणि व्यंजन सुटे बसतात. आपल्याकडे काना-मात्रा व्यंजनाला चिकटलेली. साप आणि पसा हे शब्द घ्या. काना वेगळा मोजला, तर दोन्हींत प, स आणि काना हीच सामग्री आहे. अक्षरं मोजली, तर सा आणि प एकीकडे, प आणि सा दुसरीकडे. म्हणजे नुसती उलटापालट. शब्द लांबले आणि जोडाक्षरं आली की सगळंच अवघड होऊन बसतं. मराठीत हा खेळ कुठल्या नियमांनी खेळायचा, हे कुणी तरी एकदा मनावर घेऊन ठरवायला हवं.

लांबी हा अ‍ॅनाग्रामचा मोठेपणा नव्हे. इंग्रजी वैद्यकात कोलेसिस्टोड्युओडेनॉस्टमी नावाची एक शस्त्रक्रिया आहे. पित्ताशय आणि लहान आतड्याचा पहिला भाग जोडून वाट करायची, असा तिचा अर्थ. तिलाच ड्युओडेनोकोलेसिस्टॉस्टमीही म्हणतात. दोन्ही शब्द २२ अक्षरांचे, अक्षरं तीच. पण यात झालं काय? पित्ताशय आधी होतं ते नंतर आलं. अर्थही तोच राहिला. शब्द तीन ठिकाणी धरून फिरवला, एवढंच.

मार्क डॉमिनस या अमेरिकी प्रोग्रॅमरने २०१७ साली याच मुद्द्यावर लिहिलं आणि एक सुंदर माप पुढे ठेवलं. पहिल्या शब्दाचे कमीत कमी किती तुकडे केले म्हणजे त्यांतून दुसरा शब्द जुळवता येतो, ते मोजायचं. जितके तुकडे जास्त, तितका अ‍ॅनाग्राम उंच. शस्त्रक्रियेचे झाले तीन. कॉन्झर्व्हेशन म्हणजे संवर्धन आणि कॉन्व्हर्सेशन म्हणजे संभाषण. इथे फक्त एस आणि व्ही यांनी जागा बदलल्या, म्हणून पाच. त्याच्या यादीत सगळ्यात वर आले ते आपले छायाचित्रकार आणि वटवाघूळ. पंधरा अक्षरांच्या शब्दाचे चौदा तुकडे! ई-आर किंवा आर-ए यांपैकी एकच जोडी अखंड ठेवता येते, बाकी प्रत्येक अक्षर शेजाऱ्याला सोडून एकटं निघतं.

याहून लांब, सतरा अक्षरांची एक जोडी आहे. मार्सिपोब्रँकियाटा हे जबडा नसलेल्या माशांच्या वर्गाचं जुनं नाव, अर्थ पिशवीसारखे कल्ले असलेले. लॅम्प्री हा मासा त्यातला. या नावाचा जोडीदार बेसिपॅराक्रोमॅटिन, पेशीच्या केंद्रकातल्या द्रव्यासाठीचा एक जुना शब्द. मासा आणि पेशीकेंद्रक, अंतर पुष्कळ आहे. तरी एस, आय, पी हे त्रिकूट दोन्ही शब्दांत सलग तसंच राहिलंय, आणखीही काही जोड्या फुटलेल्या नाहीत. माझं मत वटवाघळालाच.

अशा जोड्या सापडतात कशा? लाखो शब्द एकमेकांशी ताडून पाहायची गरज नसते. प्रत्येक शब्दातली अक्षरं वर्णानुक्रमाने लावायची. दोन वेगळ्या शब्दांतून तीच ओळ निघाली की ते अ‍ॅनाग्राम. छायाचित्रकाराची अक्षरं लावली की सुरुवातीला दोन ए, मग सी, मग दोन ई, मग जी, असं करत करत शेवटी टी येतो. वटवाघळाचंही तंतोतंत तसंच. संगणक संपूर्ण शब्दकोश अशा रीतीने क्षणात चाळतो.

गंमत अशी की अक्षरांची ही वर्णानुक्रमी ओळ संगणकाच्या कितीतरी आधी छापली गेली होती, आणि तीही लपवाछपवीसाठी. १६७६ साली रॉबर्ट हुक या इंग्रज शास्त्रज्ञाने आपला एक शोध चौदा अक्षरांत जाहीर केला: सी, ई, तीन आय, एन, ओ, तीन एस, दोन टी, यू, व्ही. शोधाचा मान आपल्याकडे राहावा, पण तपशील इतरांच्या हाती लागू नये, म्हणून ही युक्ती. दोन वर्षांनी त्याने ती अक्षरं जुळवून दाखवली. लॅटिन वाक्य निघालं, उट टेन्सिओ सिक व्हिस: जसा ताण, तसं बल. स्प्रिंगबद्दलचा हुकचा नियम शाळा-कॉलेजात शिकवतात, तो हाच.

हुकने मुद्दाम विस्कटलेलं परत जुळणारच होतं. छायाचित्रकार आणि वटवाघूळ यांना मात्र कुणीच जुळवलं नाही. एक शब्द यंत्रांच्या जगातून आला, दुसरा प्राणिशास्त्रातून. नावं ठेवताना कुणी कुणाची अक्षरं मोजली नव्हती. त्या पंधरा अक्षरांचा, त्यातली तीन दोन-दोनदा धरून, हिशेब करून पाहा. ती वेगवेगळ्या क्रमांनी लावण्याचे १६,३४५ कोटींहून अधिक प्रकार होतात. त्यातले जवळजवळ सगळे उच्चारतासुद्धा येणार नाहीत असे आहेत. त्या ढिगातून एकीकडे कॅमेरा घेतलेला माणूस निघतो आणि दुसरीकडे हाताचे पंख करून उडणारं जनावर.