‘क्ष’ सापडला, तरी मार्क गेले? भूमितीत कोन काढताना ही चूक टाळा

दहावीला गणित भाग 2, म्हणजे भूमितीचा पेपर 40 मार्कांचा असतो. त्यात कोनाच्या जागी आकडा नसून ‘क्ष’ दिसला की मुलं गडबडतात. घाबरायचं काही नाही. आकृतीचा नियम ओळखा, समीकरण मांडा, की निम्मं काम झालं.

आधी घरचं उदाहरण घेऊ. पत्र्याच्या शेडची कैची म्हणजे त्रिकोणच. दोन्हीकडचा उतार सारखा, म्हणून खालचे दोन्ही कोन सारखे. प्रत्येकी क्ष धरू. समजा, वरचा कोन त्याच्या चौपट, म्हणजे 4क्ष आहे. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश. म्हणून 
क्ष + क्ष + 4क्ष = 180
6क्ष = 180
क्ष = 30
खालचे कोन 30-30 अंश, वरचा 120.

आता परीक्षेतलं. चक्रीय चौकोनाचे संमुख, म्हणजे समोरासमोरचे कोन (2क्ष + 10) आणि (3क्ष − 5) अंश दिलेत. त्यांची बेरीजही 180 असते. म्हणून 
5क्ष + 5 = 180
5क्ष = 175
क्ष = 35

इथंच बरीच मुलं पेन खाली ठेवतात. पण विचारलाय कोन, क्ष नाही! किंमत परत घाला: 
2 × 35 + 10 = 80
3 × 35 − 5 = 100
बेरीज 180 आली, म्हणजे उत्तर बरोबर.

समीकरणाशेजारी नियमही लिहा. पायऱ्यांनाही मार्क असतात. पालकांनो, तुम्हाला भूमिती येत नसली तरी चालेल. पोरांना एवढंच विचारा: “बेरीज करून पाहिली का?”