'महत्त्वाकांक्षा' : शब्दाची व्युत्पत्ती, अर्थच्छटा आणि मराठी समाजमन

प्रस्तावना :
महाविद्यालयीन जीवनात अत्यंत सहजतेने वापरल्या जाणाऱ्या शब्दांपैकी 'महत्त्वाकांक्षा' हा एक शब्द होय. स्वागत समारंभापासून स्पर्धा परीक्षा मार्गदर्शन शिबिरापर्यंत विद्यार्थ्यांना महत्त्वाकांक्षी होण्याचा उपदेश केला जातो. मात्र एखाद्या सहकाऱ्याविषयी 'ते फार महत्त्वाकांक्षी आहेत' असे म्हटले जाते, तेव्हा त्यात गौरवापेक्षा सावधगिरीची सूचनाच अधिक असते. एकाच शब्दात स्तुती आणि संशय एकत्र का नांदतात, या प्रश्नाचे उत्तर शब्दाच्या मुळाशी गेल्याशिवाय मिळत नाही. प्रस्तुत लेखात या शब्दाची व्युत्पत्ती, अन्य भाषांतील त्याचे पर्याय आणि बुलडाणा जिल्ह्याच्या संदर्भात त्याचा सामाजिक आशय यांचे विवेचन केले आहे.

संस्कृत घटक :
'महत्त्वाकांक्षा' हा 'महत्त्व' आणि 'आकांक्षा' या दोन पदांचा तत्पुरुष समास आहे. 'महत्' या शब्दाला 'त्व' हा भाववाचक प्रत्यय लागून 'महत्त्व' हे रूप सिद्ध होते. म्हणूनच त्यात दोन 'त' येतात. 'महत्व' हे सर्रास आढळणारे लेखन व्युत्पत्तीशी विसंगत आहे. येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा लागतो. 'मोठी इच्छा' असा अर्थ अभिप्रेत असता, तर 'महाकांक्षा' असा शब्द झाला असता. 'महत्त्वाकांक्षा' म्हणजे मोठेपणाची इच्छा. इच्छेचा विषय कार्य नसून कर्त्याचे स्वतःचे महत्त्व आहे, हा संशयाचा अंकुर समासातच दडलेला आहे.

'आकांक्षा' हा शब्द मात्र निर्मळ आहे. भारतीय शास्त्रपरंपरेत वाक्यार्थबोधासाठी आकांक्षा, योग्यता आणि संनिधी या तीन अटी सांगितल्या आहेत. एका पदाला अर्थपूर्तीसाठी दुसऱ्या पदाची वाटणारी अपेक्षा, ती आकांक्षा. केवळ 'आणतो' एवढेच उच्चारले, तर कोण आणि काय, ही अपेक्षा शिल्लक राहते. या अर्थाने आकांक्षा म्हणजे अपूर्णतेची जाणीव होय, हाव नव्हे.

लॅटिन मूळ :
इंग्रजीतील 'अँबिशन' हा शब्द लॅटिन 'अँबिटिओ' यापासून फ्रेंचमार्गे चौदाव्या शतकात आला. 'अँबि' म्हणजे सभोवार आणि 'इरे' म्हणजे जाणे. रोमन प्रजासत्ताकात पद मिळवू इच्छिणारा मनुष्य खडूने पांढरा केलेला झगा परिधान करून मतदारांच्या भेटी घेत फिरत असे. त्या शुभ्र वेशावरूनच 'कँडिडेट' हा शब्द रूढ झाला. या फिरण्यातून पुढे पदाची लालसा असा अर्थ निघाला. त्याच धातूपासून झालेला 'अँबिटस' हा शब्द तर निवडणुकीतील लाचलुचपतीच्या गुन्ह्याचे नाव ठरला. इ. स. पूर्व ६३ मध्ये सिसेरो कॉन्सल असताना या गुन्ह्यासाठी दहा वर्षांच्या हद्दपारीची तरतूद करणारा कायदा संमत झाला. शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' या नाटकात सीझरच्या हत्येचे समर्थन करताना ब्रूटस त्याच्यावर हाच आरोप ठेवतो.

मराठीत 'उंबरठे झिजवणे' हा वाक्प्रचार नेमके हेच चित्र उभे करतो. पदासाठी वा नोकरीसाठी दारोदार फिरणे दोन्ही संस्कृतींना परिचित आहे. फरक एवढाच की, लॅटिनमध्ये त्या फिरण्यातून इच्छेचे नाव जन्मले, तर मराठीत त्यातून लाचारीचा बोध झाला.

अन्य भाषांतील पर्याय :
जर्मन भाषेत 'एअरगाइत्स' म्हणजे सन्मानाचा लोभ. ग्रीक 'फिलोतिमिया' म्हणजे सन्मानाविषयीचे प्रेम. जपानी 'याशिन' हा शब्द रान आणि अंतःकरण या अर्थांच्या दोन चिन्हांनी लिहिला जातो. बंगालीत 'उच्चाकांक्षा' हा शब्द प्रचलित असून त्यात महत्त्वाऐवजी उंचीचा निर्देश आहे. कोणी सन्मान, कोणी उंची, तर कोणी मनाचा अनावरपणा केंद्रस्थानी मानला, असे यावरून दिसते.

मराठीचे स्वतःचे शब्द :
मराठीने अरबी-फारसीतून घेतलेले शब्द या संदर्भात विशेष उद्बोधक आहेत. अरबीत 'जिद्द' शब्दाचे मूळ विरोध वा विरुद्ध या अर्थाचे आहे. हिंदीत त्याचा हट्ट झाला, मराठीत मात्र तो निर्धाराचा गौरववाचक शब्द बनला. 'हवस' या शब्दाला हिंदीत वासनेची छटा आहे, तर मराठीतील 'हौस' निरागस आणि उत्साही आहे. संस्कृत 'ईर्ष्या' म्हणजे मत्सर. मराठीत 'ईर्षेने अभ्यास केला' हे वाक्य प्रशंसेचे ठरते. फारसी 'उमेद' म्हणजे आशा, आणि उमेद बाळगणारा तो 'उमेदवार'. रोमन मनुष्य वेशावरून ओळखला गेला, मराठी मनुष्य आशेवरून. विनावेतन काम शिकण्यालाही पूर्वी 'उमेदवारी' म्हणत. त्यामुळे या शब्दाला श्रमाचीही जोड आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाला 'उमेद' हेच नाव देण्यात आले आहे.

याउलट शासकीय परिभाषेतील एक उदाहरण चिंतनीय आहे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने जाहीर केलेल्या कार्यक्रमात बुलडाण्याशेजारच्या वाशिमसह नंदुरबार, गडचिरोली आणि तत्कालीन उस्मानाबाद या जिल्ह्यांचा समावेश झाला. हिंदीत त्यांना 'आकांक्षी' म्हटले गेले, मराठीत 'आकांक्षित' हे रूप रूढ झाले. व्याकरणदृष्ट्या 'आकांक्षित' म्हणजे ज्याची इच्छा केली गेली ते. इच्छा करणाऱ्या लोकांचे कर्तेपण एका प्रत्ययामुळे हरवते.

बुलडाणा जिल्हा आणि आकांक्षेचे नामकरण :
ज्या मातीत शेगावहून पंढरपूरला पायी पालखी जाते, तेथे वारकरी परंपरेने मोठेपणापेक्षा लहानपण श्रेष्ठ मानले. 'मोठेपणा' या शब्दाची दुहेरी छटा याच संस्कारातून समजते. मनाचा मोठेपणा हा गुण, तर मोठेपणा मिरवणे हा दोष.

याच जिल्ह्यातील सिंदखेड राजा येथे १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म झाला. त्यांच्याविषयी बोलताना 'स्वप्न', 'संकल्प', 'प्रेरणा' हे शब्द येतात, 'महत्त्वाकांक्षा' हा शब्द सहसा येत नाही. इच्छा लोकांसाठी असली की समाज तिला वेगळे नाव देतो.

बुलडाण्याच्याच ताराबाई शिंदे यांनी १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' हा ग्रंथ पुण्यात छापून प्रसिद्ध केला. सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेवरील भ्रूणहत्येच्या खटल्याची पार्श्वभूमी त्याला होती. स्त्रियांवर लादले जाणारे दोष पुरुषांत अधिक आढळतात, हे त्यांनी एकेक दोष घेऊन दाखविले. ग्रंथावर टीका झाली, तेव्हा जोतीराव फुले यांनी 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. पुढे १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी तो पुन्हा प्रकाशात आणला. ताराबाईंची ही तुलनेची पद्धत प्रस्तुत शब्दालाही लागू पडते. मुलगा महत्त्वाकांक्षी असणे ही शिफारस ठरते, तर सून महत्त्वाकांक्षी असणे ही तक्रार ठरते. शब्द एकच, वजनमापे मात्र दोन.

निष्कर्ष :
वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, 'महत्त्वाकांक्षा' हा शब्द निखळ स्तुतीचाही नाही आणि निखळ निंदेचाही नाही. त्यातील 'महत्त्व' हे पद स्वतःकडे पाहते, तर 'आकांक्षा' हे पद अपूर्णतेकडे. ग्रामीण भागातील विद्यार्थी एखाद्या परीक्षेत अपयशी ठरतो, तेव्हा केवळ महत्त्वाची इच्छा बाळगली असल्यास त्याच्या हाती काही उरत नाही. जिद्द, उमेद आणि कार्याची आकांक्षा असेल, तर मार्ग बदलूनही प्रवास चालू राहतो. म्हणून अध्यापकांनी हा शब्द वापरताना कोणत्या गोष्टीची आकांक्षा, कोणासाठी आणि कोणत्या मार्गाने, हे तीन प्रश्न विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे. मुलांसाठी आणि मुलींसाठी या शब्दाचा एकच अर्थ वापरणे, ही त्या अध्यापनाची पहिली पायरी ठरावी.