एक ‘चु’ लावा, प्रश्न तयार!

शाळेतला इंग्रजीचा तास आठवतोय? प्रश्न विचारायचा तर ‘डू’ की ‘डज’, इथेच मी अडकायचो. तोवर सर पुढच्या धड्यावर. शंका मनातच राहायची.

एस्पेरांतोत ही भानगडच नाही. डॉ. झामेनहोफ यांनी १८८७ साली वॉर्सामध्ये प्रसिद्ध केलेली ही बनवलेली भाषा. त्यात ‘वी वेनास’ म्हणजे तू येतोस. आता पुढे ‘चु’ लावा, चहातला च: ‘चु वी वेनास?’ तू येतोस का? शब्दांचा क्रम तोच, क्रियापदही तेच. आपला ‘का’ शेवटी येतो, त्यांचा ‘चु’ सुरुवातीला, एवढंच.

कुठे, कधी, किती विचारायचं असेल तर शब्द ‘कि’ने सुरू होतात: किए, किआम, किओम. ‘कि’च्या जागी ‘ति’ ठेवा: तिए, तिआम, तिओम. म्हणजे तिथे, तेव्हा, तितकं. ओळखीचं वाटतंय ना? आपलंही केव्हा-तेव्हा असंच आहे! फक्त अशा प्रश्नांत ‘चु’ नको. मी आधी दोन्ही लावून बसलो होतो.

झामेनहोफ ज्या ब्यालिस्तोकमध्ये वाढले, तिथे वेगवेगळ्या भाषांचे लोक एकमेकांकडे संशयाने बघायचे. म्हणून त्यांना सगळ्यांना सहज शिकता येईल अशी भाषा हवी होती. समोरच्याला काही विचारायचं, तर व्याकरणाची धास्ती कशाला?

जाता जाता गृहपाठ: ‘वी त्रिंकास तेओन’ म्हणजे तू चहा पितोस. याचा प्रश्न करा बघू!