आकाशातून येणारा दोर

मुंबईला कधी आला असाल, तर गिरगावच्या चौपाटीवरून किंवा लालबाग-परळच्या एखाद्या चाळीच्या गच्चीवरून तुम्ही हेलिकॉप्टर जाताना नक्की पाहिले असेल. आधी घरघर ऐकू येते, मग ते दिसते, आणि पोरे हात हलवीपर्यंत ते पार समुद्रावर गेलेले असते. कोणी म्हणतो, मंत्री असेल. कोणी म्हणतो, तेलविहिरीवरचे कामगार असतील. दोन्ही खरे असू शकते. पण त्यांतले एखादे हेलिकॉप्टर कोणाचा तरी जीव वाचवायला निघालेले असते. आज मला सांगायचे आहे ते त्यांच्याविषयी.

कुलाब्याच्या दक्षिण टोकाशी, मुंबईची जमीन जिथे संपत येते तिथे, आपल्या नौदलाचा हेलिकॉप्टरांचा तळ आहे. त्याचे आधीचे नाव 'कुंजाली-२'. कालिकतच्या सामुद्री राजाच्या आरमाराचे जे कुंजाली मरक्कार पोर्तुगीजांशी झुंजले, त्यांच्यावरून ते ठेवले होते. २००९ साली तळाचे नाव 'शिक्रा' झाले. शिक्रा म्हणजे अंगणातल्या कोंबडीच्या पिलावर झडप घालणारा तो लहानसा शिकारी पक्षी. त्याला ओळखत नाही असा शेतकरी क्वचितच असेल.

आता तुम्ही विचाराल, विमाने एवढी वेगवान असताना या घरघरणाऱ्या यंत्राचे एवढे काय कौतुक? कौतुक आहे ते त्याच्या थांबण्याचे. विमान पुढे पळते म्हणून वर राहते. ते थांबले की खाली आले म्हणून समजा. हेलिकॉप्टरमध्ये पळण्याचे काम पात्यांकडे दिलेले असते. पाती गरगर फिरतात, हवा जोराने खाली लोटतात, आणि त्या बळावर यंत्र अधांतरी एका जागी उभे राहते. तळ्याकाठी काळा-पांढरा खंड्या पाण्यावर एकाच जागी फडफडत राहतो आणि मग सूर मारतो, तो तुम्ही पाहिला असेल. हेलिकॉप्टर त्याच्यासारखेच, फक्त ते सूर मारत नाही, दोर सोडते.

ही विद्या फार जुनी नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ च्या एप्रिलमध्ये, ब्रह्मदेशाच्या जंगलात एक वैमानिक आणि तीन जखमी ब्रिटिश सैनिक अडकून पडले होते. त्यांच्या सुटकेसाठी अमेरिकनांचे एक चिमुकले हेलिकॉप्टर गेले, ते आपल्या आसामातल्या लालाघाटहून. कार्टर हार्मन नावाचा तरुण अधिकारी ते चालवीत होता. यंत्र इतके दुबळे, की एका वेळी एकच माणूस उचलता येई. हार्मनने एकेक करून चौघांनाही बाहेर काढले. युद्धात हेलिकॉप्टरने माणसे सोडवल्याचे हे पहिले उदाहरण मानतात.

पण तिथे हेलिकॉप्टर जमिनीवर उतरले होते. दोराने माणूस उचलण्याची पहिली घटना पुढच्या वर्षीची. २९ नोव्हेंबर १९४५ रोजी अमेरिकेच्या कनेटिकट किनाऱ्यापाशी वादळात एक तेलवाहू बार्ज खडकावर चढली. बार्ज म्हणजे सपाट तळाची, बहुधा स्वतःचे इंजिन नसलेली, दुसऱ्याने ओढून न्यायची मोठी नाव. तिच्यावर दोन माणसे होती. सिकोर्स्की कंपनीचा वैमानिक जिमी व्हायनर हेलिकॉप्टर घेऊन गेला आणि दोराच्या यंत्राने, म्हणजे विंचने, दोघांना उचलले. दुसऱ्याच्या वेळी विंच अडकला, तेव्हा त्याला तसाच बाहेर लोंबकळत ठेवून किनारा गाठावा लागला. बार्ज, वादळ आणि दोर हे तीन शब्द ध्यानात ठेवा. शहात्तर वर्षांनी ते मुंबईच्या समुद्रात पुन्हा एकत्र येणार होते.

आपल्या नौदलात हेलिकॉप्टर आले ते 'विक्रांत'च्या सोबतीला. 'विक्रांत' ही आपली पहिली विमानवाहू नौका. ३ नोव्हेंबर १९६१ रोजी ती मुंबईला आली. अशा नौकेवरून विमान उडते ते वितभर जागेतून, आणि उतरताना त्याला आडव्या तारेत आकडा अडकवून थांबावे लागते. आकडा चुकला किंवा उड्डाणातच ताकद कमी पडली, तर विमान थेट पाण्यात. वैमानिकाला वाचवायला मिनिटांचाच अवकाश. पूर्वी यासाठी नौकेच्या मागे एक युद्धनौका ठेवीत. हेलिकॉप्टर आल्यावर ते काम त्याच्याकडे आले. विमाने उडण्याआधी त्याने वर जायचे, नौकेच्या बाजूला घिरट्या घालीत राहायचे, आणि शेवटचे विमान सुखरूप उतरले की मगच खाली यायचे. घरातली सगळी जेवल्यावर पानावर बसणाऱ्या आईसारखे हे काम!

त्यासाठी निवडलेले यंत्र फ्रान्सचे, 'अलुएत'. या फ्रेंच शब्दाचा अर्थ चंडोल. १९५९ साली त्याची तिसरी आवृत्ती प्रथम उडाली. पुढे बंगळूरच्या हिंदुस्थान एरोनॉटिक्स कारखान्यात ती बनू लागली, आणि चंडोलाचा आपल्याकडे 'चेतक' झाला. पक्ष्याचा घोडा झाला म्हणा ना! वैमानिकासह सातजणांची जागा, पूर्ण भाराने वजन अवघे बावीसशे किलो. १९६९ साली या हेलिकॉप्टरांची ३२१ क्रमांकाची स्वतंत्र तुकडी उभी राहिली. नौदलात तिला 'एंजल्स', म्हणजे देवदूत म्हणू लागले. पाण्यात पडलेल्या वैमानिकाने ठेवलेले नाव असावे असे वाटते, इतके ते चपखल आहे.

१९७१ साली दुसरे, कितीतरी मोठे यंत्र आले: ब्रिटनचे 'सी किंग'. ते माणसे वाचवायला आणलेच नव्हते, पाणबुड्या शोधायला आणले होते. समुद्रावर स्थिर राहून पाण्यात आवाज टिपणारे यंत्र सोडायचे, हे त्याचे काम. म्हणून त्यात एका जागी आपोआप स्थिर राहण्याची सोय केलेली होती. तीच सोय बचावाच्या कामी आली. रात्री समुद्रावर क्षितिज दिसत नाही, खाली-वर सारखाच काळोख. आपण पुढे सरकतो आहोत की मागे, हे वैमानिकाला डोळ्यांनी कळत नाही. तिथे चेतकासारखे साधे यंत्र अडखळते, पण सी किंग उभे राहू शकते. शत्रू शोधण्यासाठी केलेली सोय बुडत्याच्या उपयोगी पडली. २०१५ च्या जूनमध्ये 'जिंदाल कामाक्षी' हे मालवाहू जहाज मुंबईजवळच्या समुद्रात कलले, तेव्हा भर पावसाळ्याच्या रात्री शिक्रावरून गेलेल्या सी किंगनेच त्यावरच्या खलाशांना उचलले.

हे उचलणे कसे चालते ते सांगतो, कारण बाहेरून ते फार सोपे दिसते. दरवर्षी नौदल दिनाच्या सुमारास गेटवेसमोर त्याचे प्रात्यक्षिक होते आणि लोक टाळ्या वाजवतात. पण खरी गंमत, किंवा खरी अडचण, अशी की हेलिकॉप्टर त्या माणसाच्या बरोबर डोक्यावर आले की नेमका तो वैमानिकाला दिसेनासा होतो. तो पोटाखाली गेलेला असतो. मग दारात बसलेला विंचवाला वैमानिकाचा डोळा होतो. 'थोडे पुढे, आणखी थोडे, आता उजवीकडे, थांबा' असे तो बोलत राहतो, आणि वैमानिक त्या आवाजावर यंत्र हलवतो. दोघांचा एकमेकांवर विश्वास नसेल, तर दोराच्या टोकाचा माणूस डोलकाठीवर आपटायचा.

दोर लांब सोडला की तो झोके घेतो. गुरुजींनी वर्गात दोऱ्याला दगड बांधून हे जरूर दाखवावे. दोरा वितभर असला की झोका लहान, हातभर केला की मोठा आणि संथ. शिवाय खालचे जहाज लाटांवर वर-खाली होत असते. दोर जहाजाच्या कशात अडकला, तर हेलिकॉप्टरच खाली खेचले जाण्याची भीती. म्हणून दोर तत्काळ तोडण्याची सोय यंत्रात ठेवलेली असते. दोरावरून खाली जाणाऱ्या पाणबुड्याला हे ठाऊक असते, आणि तरी तो जातो.

एवढे सगळे असूनही एक गोष्ट या यंत्राच्या हातची नाही, ती म्हणजे हवा. मुंबईने हे दोनदा फार मोठी किंमत देऊन पाहिले.

२६ जुलै २००५ चा पाऊस तुम्हाला आठवत असेल. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर, आणि त्याच दिवशी कुलाब्याला फक्त ७३! दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटरवर 'बॉम्बे हाय'च्या तेलक्षेत्रात 'समुद्र सुरक्षा' या जहाजावर एका आचाऱ्याची बोटे कापली. एरवी हेलिकॉप्टर येऊन त्याला घेऊन गेले असते. हवा खराब, म्हणून ते मिळेना. तेव्हा जहाज तेलफलाटाजवळ नेऊन त्याला यारीच्या टोपलीतून वर चढवायचे ठरले. आचारी वर पोहोचला. पण जहाज उसळत्या लाटांत फलाटावर आपटले, वायूची नळी फुटली आणि आगीचा डोंब उसळला. दोन तासांच्या आत आख्खा फलाट गेला. आसपासच्या नौकांनी पंधरा तास खपून ३६२ माणसे वाचवली, २२ गेली. एका हेलिकॉप्टरचे एक उड्डाण होऊ शकले नाही, त्यातून हे सारे घडत गेले.

दुसरी घटना १७ मे २०२१ ची. तौक्ते चक्रीवादळ मुंबईला घासून गेले. कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी शंभर किलोमीटरच्या वर गेले. त्या वेळी समुद्रात 'पी-३०५' ही बार्ज होती, तिच्यावर २६१ माणसे. वादळाचा इशारा आधीच मिळालेला होता, तरी ती समुद्रातच राहिली, नांगर तुटून वाहत गेली आणि त्याच संध्याकाळी बुडाली. हेलिकॉप्टर त्या वाऱ्यात उडू शकत नव्हते. रात्रभर काळोखात लोकांना पाण्यातून काढले ते 'कोची' आणि तिच्या सोबतच्या नौकांवरील खलाशांनी, जाळ्या आणि दोर सोडून. दुसऱ्या दिवशी हवा थोडी निवळली, तेव्हा शिक्रावरची हेलिकॉप्टरे गेली. त्या बार्जवरचे १८६ वाचले, ७५ गेले. तिच्यासारखीच भरकटलेली 'वरप्रदा' ही ओढनाव. तिच्यावरच्या तेरांपैकी दोघेच हाती लागले. मात्र त्याच वादळात 'गाल कन्स्ट्रक्टर' ही तिसरी बार्ज पालघरच्या किनाऱ्याकडे वाहत जाऊन रुतली. तिच्यावरचे सगळे १३७ जण सुटले, आणि तिथे तटरक्षक दलाच्या व नौदलाच्या हेलिकॉप्टरांचा मोठा उपयोग झाला.

या दोन्ही हकीकती एवढ्यासाठी सांगितल्या, की 'हेलिकॉप्टर येईल' या भरवशावर इशारा अंगाबाहेर टाकणारे लोक मी पुष्कळ ऐकतो. समुद्रातले नव्हे, नदीकाठचेसुद्धा! वादळ ऐन भरात असते तेव्हाच बुडणाऱ्याला ते हवे असते, आणि नेमके तेव्हाच त्याला उडता येत नाही. उडाले, तरी परत येईलच असे नाही. २ सप्टेंबर २०२४ च्या रात्री पोरबंदरजवळ 'हरिलीला' या टँकरवरच्या जखमी खलाशाला आणायला निघालेले तटरक्षक दलाचे हेलिकॉप्टर समुद्रात कोसळले. आतल्या चौघांपैकी एकच वाचला.

आता समुद्रापासून लांब राहणाऱ्या वाचकांसाठी. २३ जुलै २०२१ रोजी महाड-चिपळूणच्या महापुरात शिक्रावरून सी किंग निघाले होते ते पोलादपूरकडे, बचावाची तुकडी घेऊन. म्हणजे हा दोर तुमच्या गावातल्या शाळेच्या छपरावरही उतरू शकतो. तेव्हा काही गोष्टी आजच माहीत असाव्यात, आणि शिक्षकांनी त्या मुलांकडून करून घ्याव्यात.

हेलिकॉप्टर जवळ येऊ लागले की छपरावरचे सुटे पत्रे, ताडपत्री, घोंगड्या बाजूला करा किंवा वजनाखाली दाबा. पात्यांच्या वाऱ्याने पत्रा उडतो, माणूस कापतो, आणि वर पात्यांत गेला तर सगळेच संपले. लहान मुलांना खाली बसवून घट्ट धरा.

दोर खाली आला की लगेच धावून पकडू नका. हवेत पाती फिरून यंत्रात वीज साठते. केसांवर घासलेली फणी कागदाचे कपटे ओढते, त्याच जातीची. पण ही माणसाला खाली पाडील एवढी असू शकते. आकडा जमिनीला किंवा पाण्याला एकदा टेकू द्या, मग हात लावा. आणि तो खांबाला, कठड्याला, झाडाला कशालाही बांधू नका. दोर सैल आहे म्हणून बांधून ठेवावा असे वाटते खरे. पण तसे केले तर हेलिकॉप्टरच जमिनीला बांधले जाते.

दोराबरोबर माणूस उतरला, तर तो सांगेल तेवढेच करा. तो म्हातारीला आधी नेईल की पोराला, यावर त्याच्याशी वाद घालू नका. नुसता पट्टा आला, तर तो डोक्यावरून घेऊन दोन्ही काखांखाली, पाठीमागून बसवायचा. मग हात खाली, अंगाला चिकटून ठेवायचे. घाबरलेला माणूस हात वर करून दोर पकडू पाहतो, आणि तिथेच पट्ट्यातून निसटतो. हे शाळेत पंचाची दोरी काखेत घेऊन पाचच मिनिटांत दाखवता येते.

दारापाशी पोहोचल्यावर आत चढायची धडपड करू नका, कशाला धरूही नका. तुमची पाठ दाराकडे फिरवून तो तुम्हाला स्वतः आत ओढून घेईल.