ओहोटीच्या रेघेवरचा फास

लंडनच्या पूर्वेला वॉपिंग म्हणून जुनी वस्ती आहे. तिथल्या 'प्रॉस्पेक्ट ऑफ व्हिटबी' या पबच्या मागे, थेट थेम्सच्या पात्राला लागून, खांबाला एक दोर टांगलेला दिसतो. फास नकली, पण इतिहास खरा. समुद्री चाच्यांना सुमारे चारशे वर्षं जिथे जाहीर फाशी दिली, त्या 'एक्झिक्यूशन डॉक'ची ही खूण. खरी जागा नेमकी कुठली, यावर शेजारपाजारचे पब अजून हक्क सांगतात!

पण लंडनजवळच टायबर्नला फाशीचा प्रशस्त माळ असताना चाच्यांना नदीकाठच्या चिखलात का न्यायचे? उत्तर भरती-ओहोटीत आहे. समुद्रातले गुन्हे नौदल खात्याच्या, म्हणजे अ‍ॅडमिरल्टीच्या, अखत्यारीत येत आणि तिची सत्ता ओहोटीच्या रेघेपर्यंत. त्या रेघेपासून भरतीच्या रेघेपर्यंतच्या पट्ट्यात पाणी चढलं की अ‍ॅडमिरलचा अंमल, पाणी उतरलं की जमिनीवरच्या कोर्टाचा! उधाणाला इथे पाणी सहा मीटरहून जास्त चढतं, म्हणजे कायद्याची हद्द तेव्हा एवढी वरखाली व्हायची. म्हणून फाशीचे खांब ओहोटीच्या रेघेवरच रोवायचे. मार्शलसी तुरुंगातून मिरवणूक निघे, पुढे चांदीचं वल्हं. अ‍ॅडमिरल्टीच्या अधिकाराची ती खूण. दोर मुद्दाम आखूड ठेवत. मान मोडत नसे, माणूस गुदमरत, पाय झाडत मरे. लोक त्याला 'मार्शलचा नाच' म्हणत. तीन भरत्या अंगावरून जाईपर्यंत प्रेत तिथेच.

इथला सगळ्यात गाजलेला कैदी कॅप्टन विल्यम किड. त्याच्या गुन्ह्याचा माग आपल्या किनाऱ्यापर्यंत येतो. 1697 मध्ये तो कारवारला पाण्या-लाकडासाठी थांबला, गोव्याच्या पोर्तुगीज जहाजांशी त्याची झुंज झाली. पुढच्या जानेवारीत कोचीनजवळ त्याने 'क्वेदाह मर्चंट' पकडलं. जहाजात रेशीम, मलमल, साखर. मालात मोगल दरबारातल्या एका सरदाराचाही वाटा. त्याआधी 1695 मध्ये हेन्री एव्हरी या इंग्रज चाच्याने औरंगजेबाचं 'गंज-इ-सवाई' जहाज लुटलं होतं आणि सुरतेच्या इंग्रजांना त्याबद्दल कैदेत बसावं लागलं होतं. आता पुन्हा तेच! बादशहाचा राग शमवायला कुणीतरी लटकणं ईस्ट इंडिया कंपनीला सोयीचंच होतं.

23 मे 1701 ला किडला आणलं. पहिला दोर तुटला. तो चिखलात पडला. उचलून पुन्हा चढवला. मग डांबर फासलेलं प्रेत थेम्सकाठच्या टिलबरीला पिंजऱ्यात टांगलं, येणाऱ्या-जाणाऱ्या खलाशांना जरब बसावी म्हणून.

किडचं म्हणणं, जहाजाकडे फ्रेंच परवाने होते, म्हणून शत्रूचं जहाज म्हणून ते पकडायची मला मुभा होती. हे परवाने खटल्यात समोर आलेच नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते लंडनच्या सरकारी दप्तरात सापडले. अर्थात, वेळेवर मिळाले असते तरी सुटका कठीणच होती: भांडणात आपल्याच गोलंदाजाच्या डोक्यात लोखंडी पट्ट्यांची बादली घालून त्याचा जीव घेतल्याबद्दलही किड दोषी ठरला होता.