वजन सारखं, पण आठवडे किती?

मी मोहन्याची, पेशाने नर्स. बाळंतिणीला भेटायला आलेला प्रत्येक जण विचारतो, ‘बाळाचं वजन किती?’ मी विचारते, ‘किती आठवड्यांचं झालं?’

समजा दोन बाळं, दोघंही १८०० ग्रॅमची. एक ३२ आठवड्यांचं, दुसरं ३९. अडीच किलोच्या आत म्हणून दोन्ही ‘कमी वजनाची’. पण पहिलं लवकर आलंय. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांनी बसतो. तोवर आईचं काढलेलं दूध, नळीने नाहीतर वाटी-चमच्याने. मध्येच श्वास थांबू शकतो, म्हणून सतत नजर हवी. दुसरं पूर्ण दिवसांचं, पण पोटातच उपाशी राहिलेलं. चोखतं बरं, पण अंगात साठा नाही, त्यामुळे रक्तातली साखर उतरते. त्याला पहिल्या तासात पाजायचं, मग दर दोन तासांनी, झोपलं असेल तर उठवून. (‘झोपू दे गं’ म्हणणाऱ्या आज्यांशी माझं इथेच वाजतं!) मधुमेही आईचं चार किलोचं गुटगुटीत बाळ? त्याचीही साखर उतरू शकते.

ऊब मात्र दोन्ही लहानग्यांना हवी, आईच्या उघड्या छातीशी. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या बायकांना ऊब, दूध आणि जंतुसंसर्गावरचे उपचार शिकवले. तिसऱ्या वर्षी, तुलनेच्या गावांशी ताडून पाहता, नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ते छापून आलं.

आशाताई घरी आल्या की डिस्चार्ज कार्डावरचे आठवडे त्यांना दाखवा. बाळ दूध ओढेनासं झालं, थंड किंवा सुस्त पडलं, तर त्यांची वाट पाहू नका, थेट दवाखाना गाठा.